माझ्या नावाचं रक्त

३ जानेवारी
आजपासून रोजनिशी. डॉक्टरबाईंनी सांगितलं, काय खाल्लं, कोणती गोळी घेतली, सगळं लिहीत जा. ही वही त्यांनाही दाखवणार नाही, म्हणजे खरं लिहायला हरकत नाही.
तीन महिन्यांची सरासरी साखर ८.६. डॉक्टरबाई म्हणाल्या, रक्तात साखर साचून राहिली की रक्तवाहिन्या आतून खराब होतात, मग त्यात थर धरतो. जुनी गोळी चालू ठेवा आणि जोडीला ही नवी घ्या. हिने जादा साखर लघवीवाटे जाते, हृदयालाही आधार मिळतो. मी विचारलं, म्हणजे सारखं जावं लागेल? म्हणाल्या, थोडं वाढेल.
मी कारखान्याची स्टाफ बस चालवतो. मागे बेचाळीस माणसं, पुढे पुलावरचा ट्रॅफिक. म्हणे थोडं वाढेल!
नवी गोळी कपाटात ठेवली. त्याऐवजी रोज संध्याकाळी चालणार. पक्कं.

९ जानेवारी
चाललो नाही. गुडघा. शिवाय दिवसभर क्लच दाबतो, तोही व्यायामच.
जुनी गोळी आता एक दिवसाआड. रोज घेतली की शरीर निर्ढावतं असं माझं मत. ही म्हणाली, मत तुमचं, शरीर तुमचं, मी कोण बोलणारी. मग अर्धा तास बोलली.

२० जानेवारी
ट्रान्सपोर्ट साहेबांनी नोटीस लावली. चाळिशीवरच्या सगळ्या ड्रायव्हरांची रक्ततपासणी. सरासरी नऊच्या वर गेली तर स्टीअरिंग बंद, यार्डात टेबलावर बसायचं.
घाबरलो नाही. चहात बिस्किट बुडवून विचार करत बसलो. बिस्किट तळाला गेलं. चमच्याने काढून खाल्लं, टाकायचं कशाला.

२२ जानेवारी
नवीन संकल्प: तपासणीपर्यंत साखर पूर्ण बंद. गोड माणसांशीही बोलणार नाही.

२३ जानेवारी
क्लीनरला मुलगी झाली. पेढा नाकारणं अपशकुनी. दोन घेतले, कारण एकच घेतला तर त्याला वाईट वाटलं असतं.

१ फेब्रुवारी
उपाय सापडला. बारक्या!
बारक्या म्हणजे माझा धाकटा भाऊ. लिफ्ट दुरुस्त करतो. त्याचं म्हणणं, लिफ्ट बंद पडल्यावरच मला बोलावतात, म्हणजे जिने माझ्या नशिबाला बांधलेलेच. अंगावर मांसाचा कण नाही. हल्ली तर पँट कमरेवरून घसरते, नवीन भोक पाडून पट्टा घालतो. पाणी भरपूर पितो, दोन लिटरची बाटली सतत सोबत. रात्री चार वेळा उठतो, म्हणजे शरीर आतून धुऊन निघत असणार. याला म्हणतात तब्येत.
रक्त घ्यायला बाई घरी येणार. ती माझा चेहरा ओळखत नाही. नाव विचारणार, दंड पुढे, संपलं.
बारक्याला सांगितलं. खो खो हसला. म्हणाला, दादा, लहानपणी माझ्या परीक्षेला तू बसायचास, आता फिटंफाट. वहिनी, म्हणजे त्याची बायको, म्हणाली, अहो पण हे बरोबर का? तो म्हणाला, रक्तच देतोय, किडनी नाही.

७ फेब्रुवारी
रक्त दिलं. बारक्याने माझं नाव इतकं ठणठणीत सांगितलं की मलाच खरं वाटलं. मी स्वयंपाकघरात लपलो होतो. तिथे बिस्किटं होती.

१४ फेब्रुवारी
रिपोर्ट आला. १०.४.
लॅब बोगस आहे. कोलेस्टेरॉलही वर. त्यांनी नळ्या बदलल्या असणार. असल्या लोकांवर केस केली पाहिजे. पण केस करायला रक्त कोणाचं होतं ते सांगावं लागेल.

१५ फेब्रुवारी
स्टीअरिंग गेलं. सगळ्यात वाईट म्हणजे आज डॉक्टरबाईंनी त्यांच्या मशीनवर माझं बोट टोचलं. सरासरी ८.८. माझंच रक्त दिलं असतं तर मी पास होतो.
त्या दोन्ही आकडे बघून बुचकळ्यात पडल्या. ईसीजीही काढला, नीट आला. म्हणाल्या, माझं मशीन छोटं, आपण लॅबचा धरू, तुमच्या बाबतीत धोका नको. गोळ्या वाढवल्या.
बारक्याचा फोन. काय रे दादा, पास झालो का मी? म्हटलं, झकास. म्हणाला, वाटलंच. वहिनीलाही ओरडून सांगितलं, ऐकलंस का, झकास आहे म्हणे!
त्याला सांगणार आहे. पण आधी स्वतःचं स्टीअरिंग. बुडणाऱ्याने दुसऱ्याला पोहायला शिकवू नये.

२ मार्च
यार्डाच्या टेबलावर टायरचे नंबर उतरवतो. पण संडास टेबलाच्या मागेच, त्यामुळे नवी गोळी सुरू केली. मोबाईलवर सकाळ-संध्याकाळचा अलार्म लावला. एकही चुकवली नाही.
आज दुपारी हात थरथरले, दरदरून घाम. हिने चमच्याने साखर भरवली. जन्मभर जी चोरून खाल्ली ती आज हिच्या हातून. डॉक्टरबाई म्हणाल्या, औषध तुम्हाला जास्त होतंय, विचित्रच आहे. वाढवलेली एक कमी केली.
विचित्र काहीच नाही. मला माहीत आहे. पण हा विषय नंतर.

९ मार्च
रविवार. बारक्या आमच्याकडे आला, तिसऱ्या मजल्यावर. दुसऱ्यावर बसून राहिला. छाती आवळल्यासारखी होते म्हणाला, ॲसिडिटी. ही म्हणाली, भाऊजी, चेहरा किती उतरलाय.
मी विषय काढला. खरंच काढला. म्हटलं, बारक्या, एकदा तपासून का घेत नाहीस? तो हसला. दादा, विसरलास? तपासलंय की, तुझ्या नावाने! तूच म्हणालास झकास.
मी म्हणालो, हो, ते खरंच.
तरी सुचवलं हे महत्त्वाचं.

३० मार्च
एका ड्रायव्हरने विचारलं, तू कसा काय बारीक झालास? म्हटलं, इच्छाशक्ती.
बारक्याला पत्र लिहावं का? तोंडावर सांगायला अवघड जातं. पण पत्र वहिनी वाचेल. फोनवर नको. प्रत्यक्ष भेटूनच सांगणार.

६ एप्रिल
प्रत्यक्ष भेटलो. तो खुशीत होता, नवीन टॉवरचं काम मिळालंय. आनंदात विघ्न कशाला.

२५ एप्रिल
बारक्याच्या पायाच्या बोटाची जखम बरी होत नाहीये. बुटाने लागलं होतं म्हणाला. मी घरचं मलम दिलं. चांगलं मलम आहे.
माझी पुढची तपासणी मेच्या मध्यात. मी फिट झालो की त्याच दिवशी सांगणार. तारीख ठरली, आता मागे हटणे नाही.

१६ मे
७.१! या वेळी माझं स्वतःचं रक्त. डॉक्टरबाई इतक्या खूश की नर्सला बोलावून दाखवलं. म्हणाल्या, दहाच्या वरून सातवर! गोळ्या नियमित घेतल्या की असं होतं. रक्तवाहिन्यांनाही आराम. आता सोडू नका.
साहेबांनी किल्ली परत दिली. बसने पहिल्याच सेल्फला आवाज दिला, ओळखलं तिने.
बारक्याला आज सांगायचं होतं. पण आज आनंदाचा दिवस.

१७ मे
उद्या.

२१ मे
दुसऱ्या शिफ्टचे लोक सोडायचे होते. मन लावून गाडी चालवावी लागते.

२८ मे, संध्याकाळी ५.५०
हॉस्पिटलच्या पार्किंगमधून लिहितोय.
बारक्या टॉवरच्या जिन्यात पडला. नवव्या मजल्याच्या खाली. वहिनीने मला फोन केला, मीच घरच्या छोट्या गाडीत घालून आणला, वहिनी मागे त्याचं डोकं मांडीवर घेऊन. वाटेत एकदा डोळे उघडले. म्हणाला, दादा, सिग्नल तोडू नकोस, तुझं लायसन्स जाईल.
एक रक्तवाहिनी पूर्ण बंद, दोन बंद व्हायला आलेल्या. साखर चारशेच्या वर. डॉक्टर तरुण, घाईत. त्यांनी वहिनीला विचारलं, हे आजचं नाही, बऱ्याच काळाचं आहे. आधी कधी तपासलं नव्हतं का?
वहिनी म्हणाली, तपासलंय की. फेब्रुवारीत. दादांच्या नावाने, पण रक्त यांचं. रिपोर्ट दादांनी स्वतः बघितलाय, झकास होता. मग माझ्याकडे वळून म्हणाली, दादा, किती आला होता हो? सांगा ना यांना.
मी म्हणालो, रिपोर्ट गाडीत आहे, आणतो.
रिपोर्ट गाडीत नाही. तो मी फेब्रुवारीतच फाडला. आकडा पाठ आहे.

६.२०
डॉक्टरांनी आजचं रक्त घेतलंय, त्यांना जुन्या आकड्याची तशी गरज नाही. गरज असती तर सांगितलाच असता.
वहिनीला सांगितलं तर ती काय करेल? बारक्या शुद्धीवर आला तर तो काय म्हणेल? तो हसेल बहुतेक. हसला तर मी काय करू?
दोन मिनिटांत वर जातो.

६.४५
वहिनीचा फोन येऊन गेला. वाजत होता तेव्हा गाडी सरळ लावत होतो. ती सरळच होती.

७.००
पुन्हा वाजला. या वेळी वहिनी नव्हती, अलार्म. संध्याकाळची गोळी.
गोळी खिशातच असते. पाणी नव्हतं. मागच्या सीटखाली बारक्याची दोन लिटरची बाटली घरंगळत आली होती, अर्धी भरलेली.
घेतली.