दंडाला बांधलेला हिरा

पाम, ८ मार्च १९८८

प्रिय एकनाथ,

‘प्रिय’ लिहून दहा मिनिटं नुसती पेन धरून बसले होते. लग्नाआधी नवऱ्या मुलाला पत्र लिहिणारी, तेही नावानिशी, अशी मुलगी आमच्या आळीत आजवर झाली नसेल. आईने पाहिलं तर उभी चिरेल. पण हसू नका, मला खरोखर भीती वाटते आहे. हे वाचल्यावर पाडव्याला तुम्ही अंगठी घेऊन आमच्या दारात याल की नाही, मला ठाऊक नाही. आणि न लिहिता गप्प राहिले तर तुम्ही नक्की याल, त्याची भीती त्याहून मोठी आहे.

शनिवारी तुम्ही सगळे पालघरला दुसरा हिरा बघायला जाणार, असा निरोप काल आमचा कमलाकांतदादा घेऊन आला. तुम्ही म्हणे हसत होता, ‘आमच्या आईचं आणि हिऱ्याचं काही जमायचं नाही.’ तुमचं हसणं मला डोळ्यांपुढे दिसलं. पहिल्या वेळेलाही तुम्ही असेच खुशीत होता. कॉलनीतल्या मित्राने बायकोला हिऱ्याची अंगठी घातली, म्हणून दांडी गावच्या एकनाथनेही घालायचीच! बोईसरचं ते आरसेवालं नवं दुकान तुम्हाला आवडलं होतं. थंडगार कोकाकोला पाजला त्यांनी. पण राहीबाई, म्हणजे तुमच्या आई, खुर्चीवर टेकल्या नाहीत. ‘ज्याचा हात आमी वळखत नाय, त्याच्याकडचा दागिना नाय,’ म्हणाल्या आणि आपली वरात पालघरला बळवंतशेठच्या पेढीवर गेली. त्यांच्या पाटल्या तिथल्याच ना.

शेठने पांढऱ्या कागदाच्या पुड्या उघडल्या. राहीबाई माझ्या कानाशी लागून म्हणाल्या, ‘सोना मोडला तरी सोनाच. यो खडा मोडला तं काय, कालवनात घालायचा?’ मला एवढं हसू आलं की तोंडात पदर कोंबला. शेठने मात्र प्रत्येक खड्यातला डाग भिंगाखाली आधी दाखवला, मग भाव सांगितला. ‘आत्ताच बघून घ्या,’ म्हणाले, ‘घरी गेल्यावर दिसला तर मला शिव्या द्याल.’ तुम्ही मान वर करून म्हणालात, ‘हा माणूस डाग सांगून माल देतो, म्हणून इथंच घ्यायचं.’ तेव्हा मला घाम फुटला. माझ्या हातात भिंग दिलंत तेव्हा मी नुसतीच ‘हो हो’ म्हणाले. मला काहीच दिसलं नव्हतं.

मग राहीबाईंनी अट घातली. हिरा सगळ्यांना लाभत नाही, म्हणून तो तीन दिवस मुलीच्या अंगाला राहू दे. लाभला तर ठेवू, नाही तर परत. शेठ म्हणाले, खुशाल न्या, परत आणलात तर कारण विचारणार नाही. पांढऱ्या फडक्यात गुंडाळून राहीबाईंनी तो स्वतः माझ्या डाव्या दंडाला बांधला. त्यांचा हात किती उबदार होता! मला त्या आवडतात हो. म्हणून तर हे सगळं जास्त कठीण झालं आहे.

पहिला दिवस बरा गेला. बालवाडीत मुलांना गाणी म्हणून दाखवली. दंडाला सारखा हात लावत होते, तर त्यातली पारू म्हणाली, ‘बाईंना गळू झालाय.’ दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात सुपात तांदूळ पाखडत होते. एवढंच आठवतं. शुद्धीवर आले तेव्हा तांदूळ अंगणभर झाले होते, जीभ चावली गेली होती, आणि आई माझ्या दंडाची गाठ सोडत होती. तोंडावरचा फेससुद्धा नंतर पुसला तिने. आधी हिरा सोडला.

तिने दादाला हिरा परत करायला लगेच पालघरला पिटाळलं. मला म्हणाली, ‘बाय, तू तोंड उघडू नको. खडा लाभला नाय, एवढाच सांगायचा.’ आणि खरंच एवढंच पुरलं. शेठने कारण विचारलं नाही. राहीबाईंनी उलट देवापुढे नारळ फोडला, वेळेवर कळलं म्हणून. माझ्या आईलाही आता खरंच वाटायला लागलं आहे की सगळं त्या खड्यानेच केलं. एकनाथ, मला तिचा राग येत नाही. घाबरलेल्या माणसाला टेकायला काहीतरी लागतं.

पण मी नऊ वर्षांची असताना शाळेच्या प्रार्थनेत पडले होते, तेव्हा माझ्या अंगावर हिरा नव्हता. मला फिट येतात. पालघरच्या डॉक्टरांच्या गोळ्यांवर सोळाव्या वर्षापर्यंत होते. मग फिट यायच्या बंद झाल्या म्हणून आम्ही गोळ्या सोडल्या, आणि आईने मला देवाची शपथ घातली की हे सासरी कधी कळू द्यायचं नाही. सहा वर्षं मीही विसरून गेले होते. आता डॉक्टरांनी पुन्हा गोळ्या दिल्या आहेत. त्या नेमाने घेतल्या तर संसार होतो, मुलंबाळं होतात, असं ते म्हणतात. विहिरीपाशी, चुलीपाशी जपून राहायचं. त्यांचं खरं असेल, पण आज मला कशाचाच भरवसा वाटत नाही.

म्हणून लिहिते आहे. शनिवारी दुसरा हिरा बघू नका. पहिल्याचा काही दोष नव्हता, हे तुम्हाला माझ्याकडूनच कळावं. आता सगळं कळून यायचं नसेल तर येऊ नका, मी तुम्हाला नावं ठेवणार नाही. आईला काय सांगायचं ते माझं मी बघेन. आणि येणार असाल तर एवढं लक्षात ठेवा. मी पडले तर लोक नाकाला चप्पल लावतात, तोंडात चमचा घालतात. ते कुणाला करू देऊ नका. मला कुशीवर वळवा आणि जवळ बसून राहा. डोळे उघडले की थोडा वेळ मला कुणीच ओळखू येत नाही, फार भीती वाटते. तेव्हा तुमचं नाव मला सांगा.

तुम्ही म्हणाल तर तुमचीच,
पुष्पलता