कुंपणाआतल्या थडग्याबाबत

मी, मोरियाकी कोचिंदा, वय एकोणपन्नास, शेतकरी, राहणार कुशिबारू, ओकिनावा. येत्या सोमवारी पोटाची शस्त्रक्रिया आहे. शरीराचा भरवसा नाही, पण बुद्धी शाबूत आहे. कुणाच्या दडपणाखाली नव्हे, सकाळची प्रार्थना करून हे मृत्युपत्र लिहीत आहे.

एक. घर आणि त्यामागचं रताळ्याचं शेत माझी मुलगी चिहारू हिला द्यावं.

दोन. पूर्वजांच्या नामपट्ट्याही तिच्याकडेच राहाव्यात. मुलीकडे पट्ट्या गेल्या तर घराला शाप लागतो, असं गाव म्हणेल. म्हणू दे. परकी विमानं छपरावरून जाताना या पट्ट्या देव्हाऱ्यात थरथरतात, तेव्हा हात लावून त्यांना धरते ती चिहारूच.

तीन. आजोबांच्या जमिनीवर आता अमेरिकी लष्करी तळाची धावपट्टी आहे. जमीन कागदावर अजून आमचीच आहे; तिच्यातला माझा हिस्सा धाकटा भाऊ मोरिनोबू याला मिळावा. तो तळावरच्या भटारखान्यात काम करतो. मी दर शनिवारी तळाच्या फाटकाबाहेर निषेधाचा फलक धरून बसतो. सुटी झाली की तो तळाची टोपी घालूनच बाहेर येतो आणि म्हणतो, "दादा, ऊन फार आहे, टोपी घाल." मी म्हणतो, "आधी तू त्यांची काढ!" माझी गवती टोपीही त्यालाच द्यावी. त्याने ती घालावी, एवढंच.

चार. माझ्या अस्थी. हे कलम मुद्दाम शेवटी ठेवलं.

आमच्या घराण्याच्या सगळ्यांच्या अस्थी ज्यात आहेत ते थडगं तळाच्या कुंपणाच्या आत आहे. वसंतातल्या पितरांच्या सणाला आम्ही परवाना घेऊन जातो, गवत काढतो, उदबत्त्या लावतो, पितरांसमोर पंगत मांडून जेवतो. एक शिपाई लांब उभा राहून पाहतो.

चिहारू म्हणते, "बाबा, सगळ्यांना बाहेर आणू. नवं थडगं बांधू. आपल्याच माणसांना भेटायला परवानगी कसली मागायची?"

मोरिनोबू ताडकन म्हणाला, "ते आधीपासून इथे आहेत. मागून आलेत त्यांनी हलावं!" त्यांचा पगार घेणारा माझा भाऊ हे बोलला. त्या दिवसापासून मला धड झोप नाही.

पोरीचंही खरं आहे. पण थडगं हललं की आत आमचं काही उरणार नाही, आणि ते फाटक आमच्यासाठी उघडण्याचं कारणही संपेल. म्हणून पितरांना हलवू नये. मला आईशेजारी ठेवावं. चिहारू, रागावू नकोस.

कलश मोरिनोबूने न्यावा. फाटकावर शिपाई नेहमीप्रमाणे विचारेल, "परत किती वाजता?" आई दर वर्षी म्हणायची, "सांग त्याला, या खेपेला राहायलाच आलेय." मोरिनोबू हसायचा आणि त्यांच्या भाषेत सांगायचा, "तीन वाजता."

या खेपेला त्याने आईचं वाक्य जसंच्या तसं सांगावं.

वरील सर्व मी स्वहस्ते लिहिलं, वाचून पाहिलं आणि शिक्का उमटवला.

मोरियाकी कोचिंदा

साक्षीदार:
तोमिको नाकादोमारी, शेजारीण, टोफूवाली
सेइशो आगारिए, गावच्या देवराईचे राखणदार

कुशिबारू, ९ मार्च २०१४