पहिला भाग

प्रिय धाकट्या,

पाकिटावरचं माझं अक्षर पाहून ते फोडावं की नाही, याचा तू विचार केला असशील. तुला मेल केला होता, पण तो पत्ता आता बंद आहे म्हणून परत आला. म्हणून हा कागद. पत्ता तुझ्या जुन्या ऑफिसचा आहे. तिथला एखादा भला माणूस पुढे पाठवील, एवढ्यावरच भिस्त आहे. मला काही फारशी आशा नाही, पण लिहिल्याशिवाय गत्यंतरही नाही.

आधी घरचं सांगते. बाबांचे कान गेले. डावा आई असतानाच गेला होता, उजवा या तीन महिन्यांत गेला. जन्मभर लोकांचे मुके रेडिओ बोलते केले, आणि आता दाराची घंटा ऐकू येत नाही. मी कागदावर लिहून दाखवते, ते मोठ्याने उत्तर देतात. शेजारच्यांना आपल्या घरातलं सगळं कळतं, फक्त माझी बाजू कळत नाही. कानाच्या डॉक्टरांनी वर्षभरापूर्वीच बजावलं होतं, जे ऐकायचं असेल ते आता ऐकून घ्या. बाबांना एकच गोष्ट ऐकायची होती आणि ती त्यांनी स्वतःच तिघांत वाटून ठेवली होती.

ते दिवस तुला आठवतात ना? आईच्या घशाचं ऑपरेशन ठरलं, नंतर आवाज उरणार नाही हे कळलं, आणि बाबांनी तिला नऊ दिवस रेकॉर्डरसमोर बसवलं. तिला काही सुचेना. शेवटी रोज ओरडायची तेच ओरडली. दार लाव, पाय पुसून आत ये, आरशासमोर किती वेळ. तुझ्या वाट्याला जास्त आलं, कारण तू होतासच तसा. बाबांनी ते सगळं एका फाइलीत बांधलं, दाबून लहान केलं आणि तिचे तीन भाग पाडले. तेव्हाचे पेनड्राइव्ह लहान होते हे एक कारण. खरं कारण त्यांचा स्वभाव. पहिला भाग मला, दुसरा तुला, तिसरा त्यांना. तिन्ही एका फोल्डरमध्ये आले तरच उघडणार, एक जरी नसला तरी बाकीचे दोन मातीमोल. मूळ रेकॉर्डिंग पुसून टाकलं. भांडलात तर बसा मुके, असं म्हणाले आणि आईकडे बघून जीभ चावली. आई हसली होती. आवाज तेव्हा होता अजून.

आणि आपण भांडलोच. आई गेल्यावर तू तिसऱ्या दिवशी आलास आणि मी चारचौघांत तुला पाहुणा म्हणाले. गाड्या बंद होत्या हे मला नंतर कळलं. तेव्हा एक ओळ लिहायला हवी होती. मोठेपणा नडला, दुसरं काय.

त्याच महिन्यात प्रेसमध्ये एका दुपारी मी एकटी होते. माझा पेनड्राइव्ह लावला. फाइल एकटी उघडणार नाही हे ठाऊक होतं, पण आईचं काहीतरी निदान डोळ्यांनी बघावं असं झालं. आमच्या मजकुराच्या प्रोग्राममध्ये ती ओढली आणि पडदाभर गिचमीड आली. आता तू कधी टायपिंगच्या खोलीत बसला नाहीस म्हणून सांगते. जुन्या फाँटमधलं मराठी नव्या मशीनवर उघडलं की अशीच गिचमीड दिसते. दिवसातून चार वेळा दिसते. मग आम्ही कन्व्हर्टर चालवतो, जुनी अक्षरं नव्या अक्षरांत बदलतात, आणि सेव्ह करतो. वीस वर्षांत हात इतका बसलाय की डोकं लागत नाही. मी कन्व्हर्टर चालवला. वेलांट्या दिसल्या, मात्रा दिसल्या, एका ओळीत तर सरळ ‘ये गं’ असं उमटलं. मी रडले. आणि सेव्ह केलं.

मग विसरलेही. खरंच विसरले रे.

तीन महिन्यांपूर्वी तुझा मेल आला. ‘हा माझा भाग’, इतकंच आणि खाली फाइल. सात वर्षांनी तीन शब्द, पण पाठवलास तू. बाबा आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाशी बसले, हेडफोन उजव्या कानाला धरून. मी तिन्ही भाग एका फोल्डरमध्ये ठेवले आणि उघडायला सांगितलं. सॉफ्टवेअर म्हणालं, फाइल खराब आहे किंवा ओळखीची नाही. पुन्हा केलं, पुन्हा तेच. बाबांनी विचारलं, काय झालं. मी म्हणाले, त्याने रद्दी पाठवलीये. मुद्दाम का, असं त्यांनी विचारलं. मी गप्प राहिले. गप्प राहणं म्हणजे हो, हे आपल्या घरात कुत्र्यालाही कळलं असतं.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्याने दोन मिनिटांत सांगितलं, दुसरा आणि तिसरा भाग ठणठणीत आहेत, पहिल्यालाच कोणीतरी आतून हात लावलाय, अक्षरं बदललीत. परत नाही का होणार? नाही, मावशी. मी अजून दोघांकडे नेलं. दोघांनीही नकारार्थी मान हलवली.

घरी येऊन मी हे बाबांना सांगितलं नाही. चार दिवसांनी तू फोन केलास, बाबांनी तो घेतला नाही, माझ्या हातात परत दिला आणि मी बंद केला. का घेतला नाही, ते आता तुला कळलं. त्यांना वाटत होतं, तू आईचा आवाज नासवून पाठवलास. तेव्हा त्यांना थोडं ऐकू येत होतं. तुझा आवाज तरी ऐकू आला असता.

आज सकाळी मी सगळं कागदावर लिहून त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी दोनदा वाचलं. फक्त म्हणाले, त्याला फोन लाव. तुम्हाला ऐकू येणार नाही, असं मी लिहिलं. म्हणाले, मला ऐकायचं नाही, बोलायचंय. लावला. हा क्रमांक वापरात नाही, असं एक बाई सांगत होती. मी फोन त्यांच्या हातात दिला. ते बोलायला लागले, ती बाई तेच तेच सांगत राहिली, आणि पलीकडे तू नाहीस हे मी त्यांना लिहून दाखवलं नाही. पुन्हा गप्प राहिले. तू ऐकलंस असं समजून ते आता झोपलेत. म्हणून हे पत्र. ते बोलले ते जसंच्या तसं लिहिते, एक अक्षर बदलत नाही: “धाकट्या, तुझा भाग पोचला. चांगला होता. तुझं काही चुकलं नाही. जेवलास का?”

अजून म्हणावंसं वाटलं तर, तुझीच
ताई