बाकीच्यांचा डबा

शुक्रवार, टाकवे

सरकारी संशोधन निधीतून विद्यापीठात आम्ही चौघांनी भात वाळवायचं यंत्र केलं, त्यावरच कंपनी काढली. मग बाकीची तिघं नोकरीला लागली. फोनवर मी मात्र अजून ‘आमची टीम’च म्हणते. कशाला म्हणते?

आज पहिलं यंत्र इथल्या भातगिरणीत बसलं. मालकीण हमीदामावशींनी चौघांनाही जेवायला बोलावलं होतं. ताटं मांडलेली.

“बाकीची कुटं हायेत?”

“कामात अडकलीत, मावशी.”

“मंग त्यास्नी डबा ने. उपाशी नगं ऱ्हायला कुनी.”

डबा घेऊन कंपनीच्या शेडवर आले. कुलूप मीच काढलं, दिवा मीच लावला. डब्यातल्या इंद्रायणी भाताचा वास शेडभर. डब्यासोबत मावशींनी फडक्यात तीन चमचे बांधून दिलेत.

उद्या परत द्यायचे म्हणून तिन्ही धुऊन ठेवले. न वापरताच.