आत्याबाईची शिकवणी

सोमवार, एकोणीस तारीख

प्रिय ताईस,

साष्टांग नमस्कार, आणि टिल्लीचे दोन्ही गाल ओढ माझ्या वतीने. माझी तब्येत बरी आहे, तुझी कंबर कशी आहे, हवा गार झालीय, वगैरे मजकूर तू मनातल्या मनात वाचून घे, कारण मला आता दम निघत नाही. ताई, भाऊजी सुटताहेत! येत्या गुरुवारी, सकाळी दहा वाजता, तुरुंगाच्या मागच्या लोखंडी फाटकातून. यादीत चारशे बारा नावं आहेत आणि भाऊजींचं दोनशे सातवं. मी तीनदा वाचलं, चौथ्यांदा चष्मा पुसून वाचलं.

आधी खाली बस. आणि तोंडातून आवाज काढू नकोस. भिंतीला कान असतात हे तुला मी सांगायला नको, तुझ्या प्रत्येक खोलीत दिव्याच्या बटणाशेजारी ती जाळी आहेच. म्हणून तर कागदावर लिहितेय. सगळं खातं आवाजाच्या मागे लागलंय, हस्ताक्षर कोण वाचतो आता? पत्र शिंपीणबाई कोटाच्या अस्तरात घालून आणतील. दार लावून वाच, आणि मग त्यांना मोठ्याने सांग, कोट कमरेत घट्ट होतो.

हे कसं घडलं ते सांगायचं तर आधी एक कबुली द्यायला हवी. मी ध्वनी खात्यात टंकलेखन करते असं तुला सहा वर्षं सांगत आलेय. मला धड दोन ओळी टाइप करता येत नाहीत. मी तिथे ऐकते. त्या जाळ्यांमधून येणारे आवाज एका यंत्राकडे जातात. आम्ही आपसात त्याला आत्याबाई म्हणतो, कारण घराघरातलं ऐकायचं आणि नेमकं नको ते लक्षात ठेवायचं. पण आत्याबाई उपजत शहाणी नाही. कुठला आवाज सरळ आणि कुठला वाकडा, हे तिला माणसांनी शिकवावं लागतं. ते काम आमच्या चाळीस टेबलांवर चालतं. आम्हाला शब्द ऐकू येत नाहीत. ते गाळून टाकतात, ऐकणाऱ्याला दयाबिया येऊ नये म्हणून. पांघरुणाखालून कुणी बोलावं तशी नुसती चाल उरते. ती अडखळली, मनात एक आणि ओठांवर एक वाटलं, की वाकडा. असा माणूस सरकारच्या विरुद्ध, झालं! तुकड्यावर शिक्का मारायचा, शिक्क्यात आपला क्रमांक. माझा सतरा.

आणि ताई, मी या कामात पटाईत आहे. लहानपणी बाबा दारातून नुसतं "आलो गं" म्हणायचे आणि मी तुला कानात सांगायची ना, आज कुणाशी तरी भांडून आलेत म्हणून? तोच कान. माझ्या मार्गदर्शनाखाली खात्यात पाच जणी तयार झाल्या. त्यामुळे या वर्षीच्या शिकवणीचा मान मला मिळाला. वर्षातून एकदा आत्याबाईला नवे तीनशे नमुने द्यायचे, त्यावर तिची मती पुन्हा घडते. साहेबांनी मला पुष्पगुच्छ दिला. या साहेबांना आम्ही खाकरे म्हणतो, कारण ते प्रत्येक वाक्याआधी खाकरतात.

तर मी काय केलं माहितेय? तीनशेच्या तीनशे उलटे दिले!

कारण सांगते. तीन आठवड्यांपूर्वी माझ्या ट्रेच्या तळाशी कागदांचा एक गठ्ठा चिकटून आला. वरच्या मजल्यावर शब्दांची खोली आहे, तिथले कागद खाली यायची सक्त मनाई. मी पूर्वी मारलेले वाकडे शिक्के, आणि प्रत्येकापुढे त्या माणसाचे खरे शब्द. सहा वर्षांत पहिल्यांदा मी शब्द वाचत होते. एक मुलगा म्हाताऱ्या वडिलांना सांगत होता की डॉक्टर हसले आणि म्हणाले, काही नाही हे. एक मुलगी मैत्रिणीला सांगत होती की कापलेले केस तुला शोभतात गं. एक बाई दाराआडून म्हणत होती, मी रडत नाहीये, कांदा चिरतेय. खोटंच बोलत होते सगळे, माझा कान बरोबरच होता! पण यात सरकार कुठे आलं? आणखी एक कागद होता, त्याबद्दल पुढे लिहिते.

मग शिकवणीला मी असलेच तुकडे निवडले. अडखळणारे, घाबरलेले, कुणाला तरी सांभाळून घेणारे. सगळ्यांवर सरळ. आणि वाकडे म्हणून दिली भाषणं, निवेदनं, शपथा, जिथे आवाज जराही हलत नाही ते सगळं. बुधवारी आत्याबाईने निमूटपणे धडा घेतला. शिकवणी झाली की लगेच कैद्यांची फेरतपासणी असते. जाळीसमोर दहा वाक्यं बोलायची, यंत्र सांगेल तो निकाल, माणसाने बदलायचा नाही. नियम खाकरेंचाच: माणूस चुकतो, यंत्र चुकत नाही. शुक्रवारी चारशे बारा माणसं एकेक करून पुढे आली, घसे कोरडे, आवाज थरथरते, आणि आत्याबाई म्हणत राहिली, सरळ, सरळ, सरळ! मला टेबलाखाली स्वतःचा गुडघा घट्ट धरून बसावं लागलं, नाहीतर मी टाळ्या पिटल्या असत्या.

आणि शनिवारची गंमत ऐक. मोठ्या सभागृहात खाकरेंचं भाषण. विषय, यंत्राची अचूकता. व्यासपीठावर जाळी, तिच्यावर दिवा. साहेब खाकरले आणि खणखणीत आवाजात सुरू झाले, की दिवा लाल. त्यांनी सरकारचं कौतुक केलं, लाल. आत्याबाईचं केलं, आणखी लाल! सभागृहात जो तो आपापल्या बुटांकडे बघतोय. शेवटी साहेबांना घाम फुटला, "म-मला वाटतं काहीतरी..." असं चाचरले, आणि दिवा हिरवागार. ताई, मी रुमाल तोंडात कोंबला होता.

आता लक्ष देऊन वाच. चौकशी लागली आहे. यंत्र उघडायचा हुकूम वरून यावा लागतो, तो शुक्रवारी येईल. तोवर यादी कायम. उघडलं की तीनशे नमुने मुद्दाम उलटे दिल्याचं दिसणार, आणि प्रत्येकावर माझाच सतरा. तू म्हणशील, मग पळ ना बये, बसलीयेस काय! पण सतरा नंबरचं टेबल एक दिवस जरी रिकामं दिसलं तरी संशय येईल आणि फाटक उघडणारच नाही. म्हणून मी गुरुवारपर्यंत जागची हलणार नाही.

तू टिल्लीला घेऊन साडेनऊला फाटकावर जा. भाऊजी आले की घरी परतू नका, थेट तुझ्या सासूबाईंकडे. तिकडे अजून जाळ्या बसलेल्या नाहीत. सामान फार घेऊ नकोस.

आता तो राहिलेला कागद. मघापासून बाकी सगळं लिहून झालं, एवढंच पुढे ढकलत होते.

त्यावर लिहिलं होतं, "छान बसलाय गं. बाह्या जरा लांब आहेत, पण वाढेन मी." खाली बाईचा आवाज, "चाळिसाव्या वर्षी?" आणि मग पुन्हा तो, "तू विणलायस म्हटल्यावर वाढायलाच हवं." मला मोठ्याने हसू आलं. मग खालचा शिक्का दिसला. वाकडा. सतरा.

भाऊजींना मी पकडून दिलं, ताई. तुझ्या स्वेटरला छान म्हणाले म्हणून.

मला ओळखू आलं नाही असं लिहायचं होतं. शब्द गाळलेले होते, तुला पटलंही असतं. पण भाऊजी बोलण्याआधी दातांतून श्वास आत ओढतात, आणि मी त्या पहिल्या श्वासालाच त्यांना ओळखलं होतं. ओळखीचा आवाज आला तर हात वर करायचा, तुकडा दुसऱ्या टेबलावर जातो, पण मग तुमचं नातं नोंदवून ठेवतात. शिवाय आमची परीक्षा घ्यायला मुद्दाम असे आवाज घालतात म्हणे. मी हात वर केला नाही. मला भीती वाटली, आणि खरं सांगू, माझी एकही चूक न झाल्याची घमेंडही होती. मी शिक्का मारला, पुढचा तुकडा घेतला आणि दुपारी नीट जेवले.

दुसऱ्या दिवशी तू धावत आधी माझ्याकडेच आलीस. सात महिने विचारतेयस, तुझ्या खात्यात कुणाच्या तरी कानावर घाल ना गं, आणि मी दर वेळी तुझा हात हातात घेऊन म्हणाले, बघते. तो कागद हाती येईपर्यंत मी काहीही बघितलं नव्हतं. मी तुझ्याकडे येणं कमी केलं होतं, इतकंच.

"मला माफ कर" असं वर एकदा लिहिलं होतं, ते खोडलं, डाग दिसेल तुला. भाऊजींना सगळं सांग. नाही सांगितलंस तर मेहुणीने सोडवलं म्हणून ते मला मायेने आठवतील, आणि ते मला सोसणार नाही.

बाकी माझी काळजी करू नकोस, किंवा कर, तुला वाटेल तसं. आज कामावर जाताना मी जिना दोन-दोन पायऱ्या करत चढले. गुरुवारी दहा वाजता तू त्यांना बघशील तेव्हा मी खिडकी नसलेल्या खोलीत असेन, तरी मला तो क्षण बरोबर कळेल.

तुझी
(हा शब्द ठेवायचा की खोडायचा, ते फाटकावर त्यांना बघितल्यावर ठरव)
बहीण