कारण अनिर्दिष्ट

३ मार्च
आज सतरा फायली परत फेकल्या! त्वचा विभागातल्या नव्या डॉक्टरीणबाई 'खाज' एवढंच लिहून मोकळ्या. कुठे? कधीपासून? कशामुळे? आम्ही नोंद विभागवाल्यांनी फाईलवर आजाराचा कोड-क्रमांक टाकायचा तो कशाचा, कपाळाचा? कागदावर नाही ते मनाने भरायचं नाही, हा आमचा नियम. मग उरतो एल २९.९ – खाज, कारण अनिर्दिष्ट. चिठ्ठी धाडली: "जे दिसलं ते सगळं लिहा."
घरी आलो तर बाबा दाराच्या चौकटीवर पाठ घासत होते. सदऱ्याला रक्त.

५ मार्च
"बाबा, पुरे!" दहादा सांगितलं. हात थांबेना. मनगटावर फटका हाणला. "अरे, आतून खाजतंय रे," म्हणाले. आतून म्हणे! सगळी नाटकं. मी घरात असलो की जास्तच.

८ मार्च
बाईंचे कागद सुधारले. जखमेची लांबी, रंग, जागा – सगळं. आमचे साहेब म्हणाले, "तुमच्या चिठ्ठ्यांनी वठणीवर आल्या!" बरं वाटलं.

११ मार्च
मारलं. चपलेने. पाठीवर, दंडावर. तीनदा – नाही, जास्त. ते ओरडले नाहीत, याचाच राग आला, म्हणून आणखी एक. मग मफलरने हात खुर्चीला बांधले आणि कामावर गेलो. एकही चूक न करता एकोणचाळीस फायली संपवल्या. माझीच मला भीती वाटते.

१२ मार्च
खाज थांबलेली नाही.

१४ मार्च
ताई आली. बाबांची बाही वर केली. "हे काय रे?"
"खाजवून घेतात."
"डॉक्टरला दाखवलंस?"
"म्हातारपणी होतंच."
तिने बाही खाली केली. मग बाबांना चपला घातल्या, रिक्षा बोलावली, आमच्याच रुग्णालयात घेऊन गेली. दिवसभर लोकांना कारण विचारतो मी. घरात एकदाही विचारलं नाही. लाज वाटते.

१७ मार्च
बाबांची फाईल माझ्याच टेबलावर आली. आडनाव वाचूनही कुणाच्या लक्षात आलं नसावं.
बाईंनी सगळं लिहिलंय. मूत्रपिंडं निकामी होत आलीत, खाज त्यामुळे. बरेच महिने असावी. पुढे – पाठीवर चपलेच्या तळव्याच्या आकाराचे पाच वळ. दोन्ही मनगटांवर बांधल्याच्या खुणा. नखांच्या नाहीत. मारहाण.
पाच. मला आकडा माहीत नव्हता.
मारणारा कोण, त्याचा आमच्याकडे वेगळा कोड असतो. तिथे बाईंनी लिहिलंय, "रुग्ण सांगत नाही." म्हणजे नियमाप्रमाणे अनिर्दिष्ट. साहेबांनीही तोच मान्य केला असता.
मी चिठ्ठी घेतली. बाईंना लिहिलं: मारणारा – मुलगा. खाली माझी सही केली, आणि स्वतःच वर बाईंकडे नेऊन दिली.