दातवाल्याच्या डोक्यावर निखारे

३ तारीख, रविवार
आमच्या चर्चच्या पाळकांचं नवं खूळ. उपासनेनंतर डब्यातून प्रत्येकाने एक चिठ्ठी उचलायची. ज्याचं नाव निघेल त्याच्यावर महिनाभर गुपचूप प्रीती करायची. या हाताचं त्या हाताला कळता कामा नये. डबा धरून आमची ही उभी.
मला निघाला दातवाला! वरच्या मजल्यावरचा दातांचा डॉक्टर. क्वायरमध्ये सगळ्यांदेखत माझा सूर खाली लागतो म्हणाला होता, तोच. शिवाय महिनाअखेर मंडळीच्या पंचाची निवडणूक. जागा एक, उभे आम्ही दोघं. हिला म्हटलं, चिठ्ठी बदलून दे. म्हणाली, प्रभूपुढे वशिला चालत नाही.

४ तारीख
शास्त्रातच आहे: शत्रूचं भलं करा, त्याच्या डोक्यावर निखारे पडतात. हे मला आधी कोणी नीट समजावलं असतं तर मी केव्हाच दयाळू झालो असतो.
संकल्प: चांगुलपणा करून करून दातवाल्याचा कोळसा करणे.

७ तारीख, सकाळी
त्याच्या गाडीची काच पुसली. माझ्या बनियनने.
संध्याकाळी: दातवाल्याने वॉचमनचा हात हातात घेऊन थँक्यू म्हटलं. वॉचमन लाजून म्हणाला, ड्यूटीच आहे साहेब. माझ्यासमोर! चोर कुठला.

९ तारीख
कोणीतरी आमच्या दारात खोकल्याचं औषध ठेवून गेलं. म्हणजे माझा आवाज बसलाय असं सुचवायचंय? हलकट लोक.
औषध बरं होतं. तरीही.

१२ तारीख
दातवाला परगावी. जिन्यात त्याच्या निवडुंगाच्या कुंड्या, कोरड्या ठणठणीत. रोज दोन वेळा बादलीभर पाणी घालतोय. प्रीतीत कंजुषी नको.

१८ तारीख
निवडुंग पिवळे पडून लोळले. एवढं करून ही तऱ्हा. झाडंसुद्धा मालकासारखीच कृतघ्न.

२१ तारीख
हिच्याकडून सूप करून घेतलं, त्याच्या दारात ठेवलं. त्याने आभार मानले ऑर्गन वाजवणाऱ्या बाईंचे. बाई म्हणाल्या, अहो त्यात काय! रविवारी प्रभूची स्तोत्रं वाजवतात आणि ही नियत.
माझ्या छत्रीची मोडलेली काडी कोणीतरी बसवून ठेवली. विचारायची पद्धत नाही?

३१ तारीख, रविवार, दुपारी
आज उपासनेत साक्षी होत्या: कोणाची प्रीती मिळाली ते उभं राहून सांगायचं. दातवाला उठला. वॉचमनचं नाव घेतलं, ऑर्गनबाईंचं घेतलं. माझं सोडून सगळ्यांचं. पाळक आमेन म्हणाले आणि माझं डोकंच फिरलं. बाकावर हात आपटून ओरडलो, ते सगळं मी केलं, सगळं!
दातवाल्याने हळू आवाजात विचारलं, कुंड्यांना पाणीही तुम्हीच घातलं का? छाती काढून सांगितलं, सकाळ-संध्याकाळ! तो खाली बसला. मागून कोणीतरी कुजबुजलं, ती झाडं त्याच्या बायकोने लावली होती, ती वारली त्या वर्षी.
मी उभाच. बसायचं सुचलं नाही. कोणी बसाही म्हणालं नाही.

संध्याकाळी
पंच झालो. बिनविरोध. दातवाल्याने उपासनेआधीच नाव मागे घेतलं होतं.
ही म्हणाली, ते त्याने तुमच्यासाठी केलं. औषध त्याचं, छत्रीही त्यानेच दुरुस्त केली. तुमच्या नावाची चिठ्ठी आधी दोघांनी उघडून परत डब्यात टाकली, मग त्याने ती मागून घेतली.
कोण ते दोघं? ही नावं सांगत नाही. शोधून काढीन.

१ तारीख
जिन्यातल्या रिकाम्या कुंड्या त्याने आत नेल्या. जिन्यात भेटला, गुड मॉर्निंग म्हणाला नाही. आता पंचाशी असं वागतात का?
सकाळपासून तीनदा दार उघडून बघितलं. काही ठेवलेलं नव्हतं.
महिना संपला, म्हणूनच असेल.